लाटेवर स्वार झालेले विद्युत्कण

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या दक्षिणेस, स्टॅन्फर्ड येथें एक विलक्षण इमारत आहे. रुंदीनें ती एखाद्या वखारीएवढी दिसते. पण लांबीनें ती तीन किलोमीटरांहून अधिक भरते. बाणासारखी सरळ अशी ती टेंकड्यांमधून गेलेली असून मोटारींचा एक मोठा राजमार्ग तिला वरून ओलांडून जातो. या इमारतीच्या खालीं, जमिनीच्या पोटांत, तांब्याची एक लांबच लांब पोकळ नळी बसविण्यांत आली आणि १९६६ सालीं तिच्यांतून इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण विद्युत्कण, धांवूं लागले. एका टोंकास सोडलेला कण दुसऱ्या टोंकाशीं पोंचेपर्यंत त्याच्या ठायीं प्रचंड ऊर्जा सांठत असे. पुढें सुधारणा होतां होतां ही ऊर्जा ५,००० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत चढली. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे अखंड नसून त्यांच्याहि पोटांत आणखी सूक्ष्म कण आहेत, ही गोष्ट याच यंत्रानें जगाच्या प्रत्ययास आणून दिली.

त्याच खाडीच्या पलीकडच्या तीरावर बर्कली नांवाचें गांव आहे. तेथील टेंकडीवर असलेल्या लॉरेन्स राष्ट्रीय प्रयोगशाळेंतील एका प्रयोगाचा वृत्तांत २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्या प्रयोगांत इलेक्ट्रॉनांना ९२० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा मिळाली, आणि ती मिळविण्यास त्यांना जें अंतर तोडावें लागलें तें अवघें ३० सेंटीमीटर होतें. शाळकरी मुलाच्या दप्तरांत जी फूटपट्टी असते तिची लांबी तेवढीच. स्टॅन्फर्डच्या यंत्राशीं तुलना केली तर ऊर्जा सुमारें पांचव्या हिश्शाची, पण लांबी मात्र दहाहजाराव्या हिश्शाची! हा पल्ला कसा गांठला गेला आणि त्याचें मोल कितपत मानावें, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे काय तें सांगणें अवश्य आहे. एक व्होल्ट इतक्या विद्युद्दाबामधून एक इलेक्ट्रॉन गेला म्हणजे त्याला जी ऊर्जा मिळते ती एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट होय. हातांतल्या विजेच्या बत्तींत जो साधा सेल घालतात तो दीड व्होल्टचा असतो. तेव्हां १०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळविण्यासाठीं असे सुमारें ६७ कोटी सेल एकापुढें एक जोडावे लागतील! एवढी ऊर्जा एका क्षुद्र कणास देण्याचा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर असें कीं, वस्तु जितकी सूक्ष्म तितकी ती पाहण्यास अधिक ऊर्जेचे कण लागतात. शिवाय असे वेगवान इलेक्ट्रॉन वळविले किंवा धातूवर आदळविले म्हणजे त्यांच्यापासून क्ष-किरण निघतात. या किरणांनीं औषधांचे रेणू, धातूंची घडण आणि सजीवांच्या पेशींतील प्रथिनें यांचीं चित्रें घेतां येतात. कर्करोगाच्या गांठी जाळतां येतात. अशा रीतीनें हें यंत्र केवळ पदार्थविज्ञानाच्या पंडितांचें राहिलेलें नसून वैद्य, रसायनज्ञ व कारखानदार या सर्वांच्याच गरजेचें झालें आहे.

कणांना वेग देण्याची जुनी पद्धति समजण्यास सोपी आहे. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला एकदम आढ्यापर्यंत उडवून देणें कोणास शक्य नाहीं. पण प्रत्येक हेलकाव्याला योग्य वेळीं थोडा थोडा धक्का दिला तर झोका आपोआप उंच जातो. रॉल्फ विडेरो या नॉर्वेच्या इंजिनियरानें १९२८ सालीं जर्मनींत हेंच तत्त्व विद्युत्कणांस लावून दाखविलें. नळीचे तुकडे एकापुढें एक मांडावयाचे, त्यांत उलटसुलट होणारा विद्युद्दाब ठेवावयाचा, आणि कण प्रत्येक खंडांत शिरतांना त्याला पुढचा धक्का नेमक्या वेळीं मिळेल अशी योजना करावयाची. स्टॅन्फर्डची नळी ही याच कल्पनेची प्रचंड वाढ होय.

परंतु या पद्धतीला एक मर्यादा आहे. धक्का वाढवावा म्हणून विद्युत्क्षेत्र वाढवीत गेलें तर एका वेळीं असें होतें कीं, नळीच्या तांब्याच्या भिंतींतूनच इलेक्ट्रॉन उपटले जाऊं लागतात, ठिणग्या पडतात आणि भिंत खराब होते. आकाशांत ढगांचा ताण वाढतां वाढतां वीज कडाडते, तसाच हा प्रकार. दर मीटरास सुमारें १० कोटी व्होल्ट इतकी मजल गांठली म्हणजे तांब्याच्या यंत्राची सहनशक्ति संपत आली असें समजावें. क्षेत्र वाढवितां येत नाहीं, म्हणून लांबी वाढवावयाची. लांबी वाढली कीं खर्च वाढावयाचा. म्हणून असलीं मोठीं यंत्रें बांधणें हें श्रीमंत राष्ट्रांनाच, आणि तेंहि कित्येकदां अनेकांनीं मिळूनच, परवडतें.

या कोंडींतून वाट काढली ती प्लाझ्मानें. वायु अतिशय तापविला किंवा त्यावर प्रखर प्रकाश टाकला, तर त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि मागें धनविद्युत् असलेले जड कण उरतात. अशा मोकळ्या विद्युत्कणांच्या समुदायाला अर्व्हिंग लँगम्यूर या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९२८ सालीं प्लाझ्मा हें नांव दिलें. सूर्य हा प्लाझ्माचाच गोळा आहे आणि आकाशांत चमकणारी वीज ही प्लाझ्माचीच रेघ आहे. आतां मौज अशी कीं, धातूची भिंत फुटते, कारण ती आधीं अखंड असते. प्लाझ्मा तर मुळांतच फुटलेला! जें आधींच फुटलें आहे त्याला फुटण्याचें भय कसलें? म्हणून प्लाझ्माच्या अंगीं धातूपेक्षां हजारपट प्रबळ विद्युत्क्षेत्र धारण करण्याचें सामर्थ्य असतें. एका घन सेंटीमीटरांत एकावर अठरा शून्यें इतके सुटे इलेक्ट्रॉन असले, तर तेथें दर मीटरास सुमारें १०,००० कोटी व्होल्ट एवढें क्षेत्र निर्माण होऊं शकतें. आणि इतका प्लाझ्मा म्हणजे तरी काय, आपल्या भोंवतालच्या हवेपेक्षां किती तरी विरळ.

हें क्षेत्र जागें कसें करावें, याची युक्ति तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन या दोन शास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं सुचविली. ते त्या वेळीं लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत काम करीत होते. त्यांनीं कोणतेंहि यंत्र उभारलें नाहीं. गणित मांडलें आणि संगणकावर तें पडताळून पाहिलें. कोंकणांतील एखाद्या खाडींतून आगबोट वेगानें गेली म्हणजे तिच्या मागें लाटांची एक रांग उठते, आणि ती रांग बोटीच्याच वेगानें बोटीचा पाठलाग करीत जाते, हें दृश्य अनेक श्रोत्यांनीं पाहिलें असेल. ताजिमा आणि डॉसन यांच्या योजनेंत खाडीच्या जागीं प्लाझ्मा आहे आणि बोटीच्या जागीं लेसर-प्रकाशाचा एक अत्यंत आंखूड झोत.

हा झोत प्लाझ्मांत घुसला म्हणजे वाटेंतील हलक्या इलेक्ट्रॉनांना तो बाजूस लोटतो. हायड्रोजनचें केंद्रक इलेक्ट्रॉनापेक्षां सुमारें १,८३६ पट जड असल्यामुळें तें मात्र जागचें हलत नाहीं. झोत पुढें निघून जातो. मागें उरलेली धनविद्युत् दूर गेलेल्या इलेक्ट्रॉनांना ओढून आणते. ते परततात, पण वेगाच्या भरांत आपल्या जागेच्या पलीकडे जातात, पुन्हां ओढले जातात, आणि असे हेलकावे चालूं राहतात. झोताच्या मागें ठिकठिकाणीं हे हेलकावे एकामागून एक सुरू होत असल्यामुळें त्यांची एक लाट बनते, आणि ती जवळ जवळ प्रकाशाच्या वेगानें झोताच्या मागोमाग धांवते. एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचें तिचें अंतर केसाच्या जाडीच्या सुमारें निम्मेंच असतें. या लाटेच्या उतारावर कांहीं इलेक्ट्रॉन नेमके सांपडले, तर ते लाटेबरोबर वाहत जातात आणि क्षणोक्षणीं त्यांची ऊर्जा वाढत जाते. हवाई बेटांतील लोक फळीवर चढून समुद्राच्या लाटेवर स्वार होतात, तसाच हा प्रकार. अशा रीतीनें एका सेंटीमीटरांत १०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळवितां येतील, असा हिशेब त्या दोघांनीं केला.

हिशेब बरोबर होता. पण तो खरा करून दाखविणारा लेसर त्या काळीं नव्हता. पहिला लेसर थिओडोर मेमन यानें १९६० सालीं प्रकाशित केला, आणि पुढें त्याचें सामर्थ्य झपाट्यानें वाढलें हें खरें. परंतु झोत फार प्रखर केला कीं तो ज्या कांचेंतून अथवा स्फटिकांतून वाढवावयाचा तिचाच नाश करूं लागे. ही अडचण रॉचेस्टर विद्यापीठांतील झेरार मूरू आणि त्याची विद्यार्थिनी डॉना स्ट्रिकलंड यांनीं १९८५ सालीं दूर केली. दिंडीला देवळाच्या अरुंद दारांतून जावयाचें असलें तर सर्वांनीं एकदम गर्दी करून चालत नाहीं. एकेकानें रांगेनें जावें, दारांत प्रत्येकास प्रसाद मिळावा, आणि पलीकडच्या वाळवंटांत सर्वांनीं पुन्हां एकत्र जमावें, हेंच श्रेयस्कर. या दोघांनीं प्रकाशाच्या झोताला असेंच वागविलें. प्रथम त्याला ताणून लांब व सौम्य केलें, मग वाढविलें, आणि शेवटीं दाबून पुन्हां आंखूड केलें. या युक्तीबद्दल त्यांना २०१८ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला, आणि पदार्थविज्ञानांत तो मान मिळविणारी स्ट्रिकलंड ही तिसरी स्त्री ठरली.

बर्कलीच्या लेसराकडे पाहिलें म्हणजे या युक्तीचें सामर्थ्य ध्यानांत येतें. त्याच्या एका झोतांत सुमारें ४० जूल ऊर्जा असते. चार किलो वजनाची घागर मीटरभर उचलण्यास जेवढे श्रम पडतात तेवढीच ही ऊर्जा. तिचें कौतुक वाटण्याचें कारण नाहीं. पण ती सुमारें ४० फेम्टोसेकंदांत ओतली जाते. एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्यें इतके भाग केले म्हणजे त्यांतील एक भाग हा फेम्टोसेकंद. एका सेकंदांत तीन लाख किलोमीटर धांवणारा प्रकाश एवढ्या अवधींत एका केसाच्या जाडीइतकाहि पुढें सरकत नाहीं. म्हणून त्या क्षणापुरतें या झोताचें सामर्थ्य एक लाख कोटी किलोवॅट एवढें होतें.

नवे लेसर हातीं आल्यावर १९९० नंतरच्या दशकांत इंग्लंड, फ्रान्स, जपान व अमेरिका येथें प्रयोगांना रंग भरला. इलेक्ट्रॉनांना वेग मिळूं लागला. पण तो कसा? बाजारांतल्या गर्दीसारखा. कोणी थोडा धांवे, कोणी फार. कोणी इकडे, कोणी तिकडे. अशा झोताचा उपयोग करणें कठीण असतें. क्ष-किरणांचें चांगलें यंत्र चालवावयाचें तर कवायतींतल्या शिपायांप्रमाणें सर्व कण एकाच वेगानें व एकाच दिशेनें गेले पाहिजेत. कांहीं वर्षें असें वाटूं लागलें कीं, ही कल्पना सुंदर असली तरी कामाची नव्हे.

२००२ सालीं अलेक्सांडर पुखोव्ह आणि युर्गेन मायर-टेर-फेन यांनीं संगणकाच्या साहाय्यानें एक नवी गोष्ट दाखविली. झोत पुरेसा आंखूड व पुरेसा प्रखर असला, तर तो आपल्या मागें इलेक्ट्रॉनांची नुसती लाट न उठवितां, त्यांना पार हांकलून देऊन एक वाटोळा पोकळ बुडबुडाच निर्माण करतो. बुडबुड्याच्या कडेनें मागें आलेले थोडे इलेक्ट्रॉन त्याच्या पाठीमागच्या तोंडांतून आंत शिरतात, आणि जवळ जवळ एकाच वेळीं शिरल्यामुळें त्यांचा वेगहि जवळ जवळ सारखाच राहतो. दोनच वर्षांनीं ३० सप्टेंबर २००४ च्या ‘नेचर’ साप्ताहिकांत तीन लेख एकदम प्रसिद्ध झाले: एक लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या मंडळीचा, दुसरा बर्कलीचा, तिसरा पॅरिसजवळच्या पालेझो येथील प्रयोगशाळेचा. तिन्ही ठिकाणीं इलेक्ट्रॉनांचा सुरेख, एकजिनसी झोत मिळाला होता. लंडनकरांची ऊर्जा सुमारें ७ कोटी, बर्कलीची ८.६ कोटी आणि फ्रेंचांची सुमारें १७ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट होती. आणि हें सारें घडलें तें ज्वारीच्या एका दाण्याएवढ्या अंतरांत. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर या झोताला ‘स्वप्नांतला झोत’ असें संबोधिलें होतें.

यापुढचा प्रश्न अंतराचा होता. प्लाझ्मांतून जातांना लेसरचा झोत किंचित् मंदावतो, म्हणून कांहीं अंतरानें इलेक्ट्रॉन लाटेच्याहि पुढें निघून जातात, आणि उतार संपला कीं धक्का संपतो. प्लाझ्मा अधिक विरळ केला तर लाट अधिक वेगानें जाते आणि हा उतार पुष्कळ लांबतो; परंतु तेवढ्या अंतरांत प्रकाशाचा झोत पसरून दुबळा होतो. त्यावर उपाय म्हणून नळींतच प्रकाशासाठीं एक पाट काढावयाचा. मध्यें विरळ व कडेला दाट असा प्लाझ्मा असला म्हणजे प्रकाश पाटांतल्या पाण्याप्रमाणें मधूनच वाहतो. ऑक्सफर्ड आणि बर्कली येथील शास्त्रज्ञांनीं मिळून नीलमण्याच्या जातीच्या स्फटिकांत कोरलेल्या बारीक नळींत हायड्रोजन भरला, त्यांतून वीज खेळविली, आणि २००६ सालीं ३.३ सेंटीमीटरांत १०० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टची मजल गांठली. २०१४ सालीं ९ सेंटीमीटरांत ४२० कोटी, २०१९ सालीं २० सेंटीमीटरांत ७८० कोटी, आणि अखेर २०२४ मधील तो फूटपट्टीएवढा प्रवास, ही पुढची परंपरा होय. या शेवटच्या प्रयोगांत नळीहि गेली. वायूच्या फवाऱ्यांत एका लेसरनें पाट खणला आणि दुसऱ्यानें त्या पाटांतून लाट चालविली.

या यशाचीं फळें दिसूं लागलीं आहेत. बुडबुड्यांत धांवतांना इलेक्ट्रॉन किंचित् नागमोडी हेलकावे घेतात आणि त्यांतून तीव्र क्ष-किरण निघतात. त्यांच्या साहाय्यानें इंपीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांनीं मानवी हाडाच्या तुकड्याचें सर्व बाजूंनीं सूक्ष्म चित्र काढून तें २०१५ सालीं प्रसिद्ध केलें. २०२१ सालीं शांघायच्या शास्त्रज्ञांनीं अशाच इलेक्ट्रॉनांपासून २७ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसरसदृश प्रकाश निर्माण केला. आजवर असा प्रकाश हवा असेल तर शेंकडों मीटर लांबीचें यंत्र लागत असे. हँबुर्गजवळचें युरोपचें मोठें क्ष-किरण यंत्र तर ३.४ किलोमीटर लांब आहे. कर्करोगावरील उपचारासंबंधींहि विचार चालूं आहे. मात्र येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. रुग्णालयांतील नेहमींचें किरणयंत्र पूर्वींच एका खोलींत मावतें, कारण त्याला फार तर दोन अडीच कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच पुरतात. नव्या पद्धतीची खरी आशा आहे ती १० ते २५ कोटींच्या इलेक्ट्रॉनांविषयीं. हे शरीरांत खोलवर पोंचतात, पण त्यांसाठीं लागणारें यंत्र आजच्या पद्धतीनें फार मोठें होतें. हें काम अद्याप संशोधनाच्याच पायरीवर आहे.

आणि उणीवा सांगितल्याशिवाय हें वर्णन प्रामाणिक होणार नाहीं. नळी फूटपट्टीएवढी असली तरी तिला चालविणारा लेसर अजून मोठ्या दालनांत मावतो. बर्कलीचा लेसर सेकंदास एकच झोत सोडतो, तर युरोपचें यंत्र सेकंदास २७,००० स्पंद देतें. या जातीच्या लेसरांना पुरविलेल्या विजेच्या हजार भागांपैकीं एक भागहि प्रकाशांत उतरत नाहीं. शिवाय एक झोत दुसऱ्यासारखा निघेल अशी खात्री हवी. त्या दिशेनें हँबुर्गच्या मंडळींनीं एक महत्त्वाचें पाऊल टाकलें. त्यांनीं आपलें यंत्र दिवसरात्र चालवून एकामागून एक एक लाख झोत घेतले, आणि प्रत्येकांतला फरक कशामुळें पडतो याचा माग काढून तें २०२० सालीं प्रसिद्ध केलें. विक्रमाच्या आंकड्यांइतकी या कामाची वाहवा होत नाहीं. पण यंत्र प्रयोगशाळेंतून बाहेर पडून लोकांच्या उपयोगी पडावयाचें तें अशाच चिकाटीनें.

हिंदुस्थानांतहि या विषयाचें काम चालतें. इंदूरच्या राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रांत लेसर आणि प्लाझ्मा यांच्या साहाय्यानें इलेक्ट्रॉनांना वेग देण्याचे प्रयोग झालेले आहेत. त्याच आवारांत ‘इंडस-२’ हें २५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचें वर्तुळाकार यंत्र असून त्याचा परिघ १७२ मीटरांहून थोडा अधिक आहे. फूटपट्टी आणि हें वर्तुळ एकमेकांशेजारीं ठेवून पाहण्याचा मोह होतो; पण ती तुलना अर्धीच खरी ठरेल. ‘इंडस-२’ मधील इलेक्ट्रॉन तासन्‌तास फिरत राहतात आणि एकाच वेळीं अनेक संशोधकांना प्रकाश पुरवितात. लेसरच्या लाटेवरचे इलेक्ट्रॉन क्षणांत येऊन क्षणांत जातात. तेव्हां नवें यंत्र जुन्याला हुसकून लावील अशी अपेक्षा तूर्त धरूं नये. परंतु ज्या विद्यापीठाला वा रुग्णालयाला १७२ मीटरांचें वर्तुळ कधींच परवडणार नाहीं, त्याच्या दारीं अशी कांहीं सोय येऊं शकेल, ही आशा मात्र निराधार नाहीं. आणि मोजक्या साधनांत भागविणाऱ्या देशांना तिचें महत्त्व इतरांपेक्षां अधिक वाटलें तर त्यांत नवल नाहीं.

जॉन डॉसन २००१ सालीं निवर्तला. ‘नेचर’ मधील ते तीन लेख निघण्यास तेव्हां तीन वर्षांचा अवकाश होता. कागदावरच्या गणितापासून पहिल्या सुरेख झोतापर्यंत जीं पंचवीस वर्षें गेलीं, त्यांत कांचेचे कारागीर, लेसरचे जाणते, संगणकाचे गणिती आणि किती तरी विद्यार्थी खपले. त्यांतील बहुतेकांना आपल्या हयातींत फळ पाहण्यास मिळेल याची शाश्वती नव्हती. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. कारण गणित बरोबर होतें आणि उणीव होती ती केवळ साधनांची. उरलेल्या अडचणींपैकींहि पुष्कळ साधनांच्याच आहेत, आणि त्या दूर करण्याचें काम आज अनेक देशांतील प्रयोगशाळांत चालूं आहे.